सायकलचे हेल्मेट : महाग तेच चांगले?

"डॉक्टर, हजाराचं घेऊ की सहा हजारांचं?" आठवीतल्या मुलीला सायकल घेऊन देणाऱ्या एका वडिलांनी परवा दवाखान्यात विचारले. मी म्हटले, तिच्या डोक्याला नीट बसेल ते घ्या.

हेल्मेटचे खरे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. आपटल्यावर तो स्वतः चेपतो, म्हणून डोक्याला बसणारा धक्का कमी होतो. युरोपचे 'ईएन १०७८' किंवा अमेरिकेचे 'सीपीएससी' हे मानक स्वस्त-महाग दोन्हींना सारखेच लागू असते. वरचे पैसे बहुतेक हलके वजन, जादा झरोके आणि दिमाख यांचे. तिरप्या आघातात मेंदूला बसणारा हिसका कमी करण्यासाठी काहींत 'मिप्स' नावाचा थर असतो. तो मध्यम किमतीतही मिळतो. कसलेच मानक नसलेले हेल्मेट मात्र फुकट मिळाले तरी नको.

दुकानात मुलाला सोबत न्या. 'वाढते अंग' म्हणून मोठे घेणे गणवेशाला ठीक, इथे नाही. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी आणि हनुवटीखालचा पट्टा एक-दोन बोटे जातील इतकाच सैल. मागे टाके घालायला आणलेल्या एका मुलाचे महागडे हेल्मेट सायकलच्या हँडलला लटकत होते!

आणखी एक. जोरात आपटलेले हेल्मेट तडा दिसला नाही तरी बाद करावे. सहा हजारांचे टाकून द्यायला किती पालक तयार होतील? म्हणून मी त्या वडिलांना हजाराचेच सुचवले. उरलेल्या पैशांतून सायकलला मागचा लाल दिवा बसवा, असेही सांगितले.