‘लाइफटाइम’ म्हणजे नेमके कुणाचे आयुष्य?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दोन्ही तासांना मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : शब्दाचा अर्थ विचारायला लाजू नका. हाच धडा मी स्वतः विसरलो आणि त्याची फी भरली एक लाख चाळीस हजार रुपये.

झाले असे. अम्मीला एसटीचा प्रवास झेपत नाही आणि क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा कुरकुरू लागला होता. म्हणून पतपेढीचे कर्ज काढून दुसऱ्या हाताची ऑटोमॅटिक गाडी घेतली. 2015 चे मॉडेल, 68 हजार किलोमीटर चाललेली. 80 हजारांच्या सर्व्हिसिंगला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारले, “गिअरबॉक्सचे तेल बदलायचे का?” समोरचा मुलगा हसला. “सर, ते लाइफटाइम असतं. बदलायची गरजच नाही.” मला बरे वाटले. पैसे वाचले की मास्तरला बरेच वाटते.

गेल्या मे महिन्यात सासुरवाडीहून, म्हणजे रत्नागिरीहून मिरजेला परतत होतो. गाडीत पाच माणसे, डिकीत आंब्याच्या पेट्या, वर मे महिन्याचे ऊन. साखरपा सोडून आंबा घाट चढू लागलो आणि गाडी गचके देऊ लागली. इंजिन ओरडायचे, पण चाकांपर्यंत जोर पोचायचा नाही. थांबत थांबत कसाबसा घरी आलो. मीटरवर 1 लाख 14 हजार किलोमीटर झाले होते.

आमच्याकडे गॅरेजातल्या मुख्य मिस्त्रीला उस्ताद म्हणतात. उर्दूत हाच शब्द शिक्षकासाठीही आहे, आणि त्या दिवशी तो मला दोन्ही अर्थांनी लागू पडलेला दिसला. उस्तादाने खालचा नट सोडला. नवे असताना लालसर असणारे तेल डांबरासारखे काळे होऊन आले, करपल्याचा वास मारत. बोटांत चोळत तो म्हणाला, “सर, लाइफटाइम किसका? तेल का, गाडी का, या वॉरंटी का?”

व्याकरणाच्या मास्तराला षष्ठी विभक्तीचा प्रश्न मिस्त्रीने विचारावा! सर्व्हिस सेंटरमध्ये मी तो विचारायला हवा होता.

आता थोडे समजून घेऊ. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे काम मुख्यतः दाते झिजू न देणे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल चार कामे करते. इंजिनाची ताकद पुढे पोचवते, दाब देऊन आतल्या क्लचच्या चकत्या आवळते, उष्णता वाहून नेते आणि वंगणही करते. चकत्या झिजतात तशी त्यांची भुकटी तेलात मिसळते. उष्णतेने तेल जुने होते, त्यातली रसायने संपतात. मग दाब नीट बसत नाही, चकत्या घसरतात, घसरल्या की आणखी तापतात.

खरा शत्रू किलोमीटर नाहीत, उष्णता आहे. गॅरेजवाल्यांचा जुना ठोकताळा असा की तेलाचे तापमान 80 अंश सेल्सिअसच्या वर दर 10-11 अंशांनी चढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. हा अंदाज आहे, कायदा नव्हे. पण दिशा बरोबर दाखवतो. म्हणून ‘न बदलता किती चालेल?’ याला एकच आकडा नाही. मोकळ्या हायवेवर एका चालीने धावणारी गाडी दीड लाख किलोमीटर तक्रार न करता जाईल. पुण्याच्या सिग्नलवर रोज दोन तास सरकणारी किंवा भरल्या डिकीने घाट चढणारी लाखाच्या आसपासच हात टेकेल.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. आजची सिंथेटिक तेले पूर्वीपेक्षा खरोखर चांगली आहेत. गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, त्यामुळे इंजिन ऑइलसारखी काजळी धरत नाही. शिवाय रस्त्यावरच्या कुणीही भलतेच तेल ओतून गिअरबॉक्स बिघडवू नये, म्हणून तो बंद ठेवणेही समजण्यासारखे आहे. पण बंद ठेवणे वेगळे आणि अमर म्हणणे वेगळे.

एक उदाहरण पाहा. जर्मनीची झेडएफ ही कंपनी बीएमडब्ल्यूसारख्या मोठमोठ्या कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवते. यातल्या अनेक गाड्यांत ते तेल आयुष्यभराचे मानले गेले. पण गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफची स्वतःची शिफारस आहे : वापर पाहून 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला, नाहीतर जास्तीत जास्त आठ वर्षांनी तेल बदला. वस्तू बनवणारा एक सांगतो, विकणारा दुसरेच. मग ग्राहकाने कुणाचे ऐकावे? मी तर बनवणाऱ्याचे ऐकेन.

या एका शब्दाचा खर्च कोण भरतो, हेही पाहा. नवी गाडी घेणारा पाच-सात वर्षांनी ती विकतो. त्याच्यासाठी ‘लाइफटाइम’ खरेच ठरते, कारण त्याच्या काळात काही बिघडत नाही. वॉरंटीही संपलेली असते. बिल येते दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाला. तो कोण असतो? माझ्यासारखा मास्तर, छोटा दुकानदार, टॅक्सीवर घर चालवणारा. ज्याच्यापाशी सर्वांत कमी पैसे, त्याच्याच वाट्याला सर्वांत मोठी दुरुस्ती. म्हणून मला हा शब्द नुसता चुकीचा वाटत नाही, अन्यायाचा वाटतो. कंपनीने आकडा छापावा : इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे. आकड्याला जबाबदारी असते, ‘लाइफटाइम’ला नसते.

तोवर आपण काय करावे? गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडा आणि ‘कठीण वापर’ या अर्थाचा भाग शोधा. धूळ, उष्णता, ओझे, चढ, थांबत-चालत जाणारी रहदारी असे त्यात लिहिलेले असते. वाचल्यावर कळते, हे आपल्या रोजच्याच रस्त्यांचे वर्णन आहे. कुवेतमध्ये ड्रायव्हर असलेला माझा मेहुणा सांगतो, त्याचा मालक गरमीमुळे 60 हजाराला तेल बदलून घेतोच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला आपल्याकडेही 60 ते 80 हजार हा शहाणपणाचा टप्पा आहे, असे माझे मत झाले आहे.

आधी आपली ऑटोमॅटिक कोणत्या जातीची ते विचारा. एएमटीत आत साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअरचे काम यंत्र करते. त्याचे तेल वेगळे. सीव्हीटीत दोन पुलींवर पट्टा किंवा साखळी चालते आणि तिची पकड तेलावर अवलंबून असते, म्हणून तिथे सीव्हीटीचेच तेल हवे. तेलात बुडालेले दुहेरी क्लच असलेल्या फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या डीएसजीला तर कंपनीच 60 हजार किलोमीटरचा टप्पा देते.

एक सावधानता. नट सोडून काढले तर सगळे तेल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. त्यामुळे काही मिस्त्री दोन-तीन वेळा थोडे थोडे बदलतात. गाडी आधीच घसरत असेल, तर नुसत्या नव्या तेलाने झिजलेल्या चकत्या परत येत नाहीत. माझ्या आल्या नाहीत. आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच तपासावी लागते, म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

माझी गाडी आता ठीक चालते. उस्तादाने गिअरबॉक्सजवळ पांढऱ्या रंगाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत. उद्या मी ही गाडी विकली तर पुढच्या मालकाला तो आकडा दिसेल. मला तो कुणी दाखवला नव्हता.