बिनझेंड्याची वरात म्हणे!

पॅरिस ऑलिम्पिक कधीच संपलं. एक रौप्य आणि पाच कांस्य मोजून आपण पुन्हा क्रिकेटकडे वळलो. पण आमच्या चाकण पट्ट्यातल्या एका व्याख्यात्यांचा राग काही शमलेला नाही. व्याख्यानमाला कुठलीही असो, हे 'खेळ आणि राष्ट्र' या विषयावरच बोलतात आणि बोलता बोलता त्यांची गाडी हमखास ऑलिम्पिकमधल्या निर्वासितांच्या संघावर जाऊन आदळते. नाव सांगत नाही, उगाच त्यांचं मानधन वाढायचं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खेळाडू देशासाठी खेळतो. ज्याला देश नाही त्याला संघ कसला? देशाच्या झेंड्याविना पॅरिसला जे ३७ जण उतरले, ती 'बिनझेंड्याची वरात' होती. त्यांना पात्रतेवर नव्हे, दयेवर प्रवेश मिळाला. आयोजकांना कॅमेऱ्यासाठी अश्रू हवे होते, ते मिळाले. असे लाड केले की लोक देश सोडून पळणारच. आपला मिल्खासिंग निर्वासितच होता ना? तो कुठे असल्या संघातून धावला? आणि शेवटी हुकमी पान: आधी आपल्या धरणग्रस्तांचं बघा, मग जगाची धुणी धुवा. इथे टाळ्या पडतात.

किरकोळ हिशेब आधी मिटवू. भामा आसखेडच्या धरणग्रस्तांची जमीन पॅरिसच्या ३७ खेळाडूंनी अडवून धरलेली नाही. कुणी अडवली ते वक्त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असावं, त्या मंडळींच्या मांडीला मांडी लावून तेच बसतात. राहिलं पळून जाण्याचं उत्तेजन. २०१५च्या ऑगस्टमध्ये युसरा मार्दिनी ही सीरियाची मुलगी तुर्कस्तानातून ग्रीसच्या लेस्बोस बेटाकडे निघाली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भरलेल्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं, तेव्हा ती, तिची बहीण आणि आणखी दोघं पाण्यात उतरली आणि त्यांनी बोट कशीबशी किनाऱ्याला लावली. पुढच्या वर्षी रिओ ऑलिम्पिकमध्ये निर्वासितांच्या संघातून पोहताना ती १०० मीटर बटरफ्लायची आपली हीट जिंकली. ऑलिम्पिकला जायला मिळेल या आशेने कुणी दमास्कसचं घर सोडून त्या बोटीत चढतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पावसाळ्यात इंद्रायणीत उतरून बघावं.

आता दयेचा मुद्दा. २०१६ला रिओत या संघाची सुरुवात झाली, तेव्हा त्यात दहाच जण होते. त्यांतला पोपोले मिसेंगा हा काँगोचा ज्युडोपटू. ९० किलो गटात पहिल्या फेरीत त्याच्यासमोर कोण आलं? भारताचा अवतारसिंग. अंगावर तिरंगा, पाठीशी सव्वाशे कोटींचा देश. आणि जिंकला कोण? बिनझेंड्याचा. निर्वासितांच्या संघातला कुणी ज्युडोची लढत जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि ती आपल्याच माणसाच्या खर्चाने साजरी झाली. अवतारसिंगला मी नावं ठेवत नाही, तो लढला आणि हरला, खेळात हे चालायचंच. पण ही लढत वक्त्यांच्या भाषणात कधी येत नाही. इतके आकडे तोंडपाठ असणाऱ्या माणसाला नेमकी हीच लढत कशी आठवत नाही?

शिवाय दयेचा प्रवेश म्हणजे काय, तेही बघू. पात्रतेची वेळ गाठता आली नाही तरी सगळ्या देशांना वाव मिळावा म्हणून ऑलिम्पिकमध्ये काही जागा राखून ठेवलेल्या असतात. पॅरिसला जलतरणात आपले श्रीहरी नटराज आणि चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू याच वाटेने गेले. चांगलंच झालं, जायलाच हवेत. पण आपलं पोरगं गेलं तर 'संधी' आणि केनियातल्या काकुमाच्या निर्वासित छावणीतलं गेलं तर 'दया', हे कुठलं गणित? आणि याच संघातल्या बॉक्सर सिंडी न्गाम्बाला तर असल्या वाटेची गरजही लागली नाही. इटलीतल्या पात्रता स्पर्धेत रिंगणात जिंकून तिने आपली जागा मिळवली आणि पॅरिसला ७५ किलो गटात कांस्य घेतलं. या संघाचं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

आता मिल्खासिंग. हा वक्त्यांचा ब्रह्मास्त्राचा मुद्दा आहे, म्हणून इथे जरा ऐसपैस बसू.

मिल्खासिंग निर्वासित होता, यात शंका नाही. फाळणीत डोळ्यांदेखत घरची माणसं गेली, पोरगं दिल्लीच्या पुराना किल्ल्यातल्या छावणीत आलं, विनातिकीट प्रवासापायी तिहारची हवाही खाऊन आलं. सैन्यात तीनदा नाकारलं गेलं, चौथ्यांदा घेतलं. मग १९५८ला कार्डिफचं राष्ट्रकुल सुवर्ण, १९६०ला रोमचा तो चौथा क्रमांक, आणि त्याच वर्षी ज्या भूमीतून पळून आला त्या पाकिस्तानात, लाहोरला, अब्दुल खालिकला हरवून 'फ्लाइंग सिख' ही पदवी. इथपर्यंत वक्ते आणि मी एकाच पंगतीत.

पण हे सगळं होऊ शकलं ते कशामुळे? आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमामुळे. १९ जुलै १९४८च्या आधी पाकिस्तानातून आलेल्या आणि इथेच राहिलेल्या माणसाला, त्याचं मूळ अखंड हिंदुस्थानातलं असेल तर, हा देश नागरिक मानेल, असं ते कलम सांगतं. अर्जविनंत्या नाहीत, वीस वर्षांची वाट नाही. मिल्खासिंगला निर्वासितांच्या संघाची गरज पडली नाही, कारण त्याला देश दिला गेला होता. पिंपरी कॅम्पात जा. सणासुदीच्या खरेदीला आपण सगळे जातोच. सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं त्या 'कॅम्प'मध्ये वसली. आज नावाखेरीज छावणीचं तिथे काही उरलेलं नाही. उल्हासनगरचीही तीच गोष्ट. कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धाच्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि पोरं, १९४३ ते १९४८ राहिले. ते गेल्यावर त्याच जागेत सिंधी कुटुंबं आली आणि तिचं गांधीनगर झालं. या सगळ्या सिंधी कुटुंबांना नागरिकत्व मिळालं, म्हणून त्यांच्या नातवंडांना जिल्ह्याकडून, राज्याकडून, देशाकडून खेळता येतं.

आता घटनेतल्या त्या कलमाची पाठराखण नसलेलं पोर घ्या. केनियातली काकुमा छावणी १९९२ला सुरू झाली, तिथे जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप आहेत. रोझ नाथिके लोकोन्येन लहानपणी दक्षिण सुदानातून तिथे आली. पहिल्या शर्यतीत ती अनवाणी धावली, आणि रिओत तिनेच या संघाचा झेंडा धरला. तिने कुणाकडून धावायचं? दक्षिण सुदानकडून, जिथून जीव घेऊन पळाली? की केनियाकडून, ज्याने तिला छावणीत ठेवलं, नागरिक केलं नाही? न्गाम्बा तर अकराव्या वर्षी कॅमेरूनमधून इंग्लंडला आली, बोल्टनमध्ये वाढली, इंग्लंडच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढती जिंकली, शेफील्डला ब्रिटिश संघाबरोबर सराव करत होती. ती समलिंगी आहे आणि कॅमेरूनमध्ये तो गुन्हा आहे, म्हणून परतीचा रस्ता बंद. ब्रिटनकडून खेळायला ती एका पायावर तयार होती. ब्रिटिश बॉक्सिंगवाल्यांनाही ती हवी होती. पासपोर्ट मात्र मिळाला नाही, उलट एकदा नेहमीच्या हजेरीला गेली असता उचलून स्थानबद्धतेत टाकली. आता सांगा, मिल्खासिंगचा मार्ग तिने नाकारला की तिला तो नाकारला गेला?

इतक्या लांब जायचं नसेल तर गोंदिया जिल्ह्यात चला. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत १९७२पासून आहे. १ जुलै १९८७नंतर भारतात जन्मलेल्या, पण आईबापांपैकी एकही भारतीय नागरिक नसलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आणि भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो. म्हणजे मराठी बोलणारं, झाडीपट्टीच्या मातीत वाढलेलं एखादं तिबेटी पोर उद्या दहा सेकंदांत शंभर मीटर धावलं, तर वक्ते त्याला काय सांगणार? मिल्खासिंगसारखं धाव? निर्वासितांविषयीच्या १९५१च्या जागतिक करारावर आपल्या देशाने सही केलेली नाही, हेही जाता जाता ध्यानात असू द्यावं. मिल्खासिंगच्या काळची उदारता आपण मिरवतो. ती आज कुणाला लागू आहे, हे मात्र विचारत नाही.

'कोण कुणाकडून' हा घोळ आमच्याकडे तसा जुना आहे. महाराष्ट्र केसरीला एखादा मल्ल गावच्या जिल्ह्याऐवजी भलत्याच जिल्ह्याकडून उतरला की पारावर पंचायत बसते, याचं गाव कुठलं, तालीम कुठली, वस्ताद कोण. या विषयावर मी रात्र रात्र हुज्जत घातली आहे आणि तिचा निकाल दर वेळी एकच लागला. गदा खांद्यावर आली की चारही गावांचे फ्लेक्स लागतात आणि चारही गावं म्हणतात, 'पोरगं आपलंच.'

झेंड्याच्या पावित्र्यावर एवढं प्रवचन देणाऱ्यांना २०१४ आठवतं का? सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उद्घाटनाला भारताचे तीन खेळाडू पाच कड्यांच्या झेंड्यामागून चालले, कारण आपल्या ऑलिम्पिक संघटनेच्या निवडणुकीच्या गोंधळापायी ती डिसेंबर २०१२पासून निलंबित होती. शिव केशवन लूजच्या घसरणीवर उतरला तोही तिरंग्याविनाच. तो निर्वासित नव्हता, पळून गेला नव्हता. खुर्च्यांच्या भांडणात मोठ्या माणसांनी त्याचा झेंडा गहाण टाकला होता. मग तीही बिनझेंड्याचीच वरात का? आणि मिसेंगाचं ऐका. २०१३ला तो जागतिक स्पर्धेसाठी रिओला आला, तेव्हा त्याच्याच देशाच्या संघाच्या लोकांनी पासपोर्ट आणि पैसे काढून घेऊन खेळाडूंना उपाशी ठेवलं. तिथून बाहेर पडून त्याने ब्राझीलकडे आसरा मागितला.

आणखी जवळ येऊ, अगदी पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानापर्यंत. ३० ऑक्टोबर २०२३ला विश्वचषकात अफगाणिस्तानने तिथे श्रीलंकेला सात गडी राखून हरवलं. अफगाण क्रिकेट मुळात पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावण्यांत रुजलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जो काळा-तांबडा-हिरवा झेंडा फडकला, तो काबूलच्या सत्ताधाऱ्यांचा झेंडाच नव्हता, त्यांचा पांढरा. राज्य गेलेल्या झेंड्याखाली छावण्यांतून वर आलेला संघ खेळला आणि आपण कौतुकाने टाळ्या पिटल्या. त्याच अफगाणिस्तानच्या २५ मुलींना २०२०च्या नोव्हेंबरमध्ये क्रिकेट मंडळाने करार दिले. वर्षभरात तालिबान आले आणि मुलींचा खेळच बंद झाला. बहुतेक जणी ऑस्ट्रेलियात पोचल्या. ३० जानेवारी २०२५ला मेलबर्नमध्ये त्या पुन्हा एकत्र मैदानात उतरल्या. पुरुषांच्या संघाला झेंडा आहे, म्हणून तो देश. या मुलींना नाही, म्हणून त्या वरात?

आयोजक धुतल्या तांदळासारखे आहेत असं माझं म्हणणं नाही. निर्वासितांचं कौतुक करायचं आणि त्यांनी तोंड उघडलं की हाकलायचं, हेही त्यांनी पॅरिसलाच करून दाखवलं. ब्रेकिंगमध्ये उतरलेल्या मनिझा तलाशने अफगाण बायकांच्या मुक्तीची मागणी लिहिलेली ओढणी अंगावर घेतली आणि तिला अपात्र ठरवलं गेलं. वक्त्यांना ओरडायचंच असेल तर इथे ओरडावं, मी सूर धरीन.

मग माझं म्हणणं काय? ते भाषणाएवढं लांब नाही. स्पर्धेत उतरण्याचा हक्क खेळाडूचा असतो, सरकारच्या शिक्क्याचा नव्हे. देश बरेचदा मागून येतो. १९५२ला खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. देशाने पदक घेतलं आणि मिरवलं. निर्वासितांना आधी कुणीतरी घर गहाण टाकणारं लागतं, हा संघ म्हणजे तेवढंच. त्याने कुणाला देश मिळत नाही. पण मिळेपर्यंत उमेदीची वर्षं वाया जात नाहीत, आणि धावपटूकडे ती असतात किती? चार ऑलिम्पिक धरली तरी डोक्यावरून पाणी.

आणि हे पटत असेल तर सुरुवात पॅरिसहून करायला नको, आमच्या निघोज्यातून करता येईल. आमच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. पत्रकावर ठळक छापलेलं असतं, 'एक गाव एक संघ, आधारकार्ड सक्तीचे'. निघोजे, मोई, कुरुळी, महाळुंगे, सगळीकडे खोल्या भाड्याने राहणाऱ्यांनी भरलेल्या आहेत. लातूरचे, बुलढाण्याचे, बिहारचे पोरगे रात्रपाळी करून येतात आणि दुपारी सीमारेषेबाहेर उकिडवे बसून चेंडू परत फेकतात. ते निर्वासित नाहीत, त्यांना देश आहे, गाव आहे, फक्त आधारवरचा पत्ता इथला नाही. तेवढ्यावर त्यांचा हात थांबतो. ज्यांना आपल्याच गावात ही अट खटकत नाही, त्यांना पॅरिसचा संघ खटकणारच.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी लेखी विनंती आहे: यंदा नियमावलीत एक ओळ वाढवा, भाडेकरूंचा एक संघ घ्या, प्रवेश फी इतरांएवढीच. हरले तर हरले, जिंकले तर चषक खोलीवर जाईल, गावाचं काही जात नाही. उद्घाटनाला वक्ते येणारच, पत्रिकेत त्यांचं नाव दर वर्षी असतं. पहिला सामना भाडेकरूंचा लावा आणि नाणेफेक त्यांच्याच हस्ते करा.