खेळाचा तास

मुलांनो, शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. पण परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो. ‘गणित राहिले तर मुले मागे पडतील, खेळ राहिला तर काय बिघडणार?’ असे पुष्कळ शिक्षकांना वाटते. मुख्याध्यापक असताना मीही हेच केले. ती माझी चूक होती.

चपळ मुले कोणी न शिकवताही खेळतात. बुजरी मुले मात्र कडेला बसून राहतात. त्यांना मैदानात आणण्यासाठी शिक्षकच हवा. खो मिळेपर्यंत जागेवरून न उठण्याचा संयम आणि कबड्डीत बाद होताच मुकाट्याने बाहेर जाण्याचा प्रामाणिकपणा फळ्यावर लिहून शिकवता येत नाही.

प्राथमिक शाळेत बहुधा एकाच शिक्षकाला सारे विषय शिकवावे लागतात, हे खरे. पुष्कळ शाळांना क्रीडांगणही नसते. परंतु लंगडीला अंगणात आखलेला चौकोन पुरतो. साहित्य मुळीच लागत नाही. मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

तुमच्यापैकी जो कोणी उद्या शिक्षक होईल, त्याने खेळाचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये. स्वतः मुलांबरोबर मैदानात उतरावे.