टाळ्या नकोत, दोन तास द्या



आपल्या शिबिरांत एक वाक्य हमखास टाळ्या घेतं. 'इंग्रजी ही गुलामीची भाषा आहे, आपण आपल्या मातीच्या भाषेत बोलू.' बोलणारा पन्नाशीचा असतो. प्राध्यापक असतो, नाहीतर बँकेत साहेब असतो. आणि त्याची पोरं इंग्रजी शाळेत शिकून पुण्याला किंवा त्याच्याही पुढं गेलेली असतात. पोरं शिकली, चांगलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्वतःच्या घरात जी भाकरी रोज खाल्ली जाते ती आमच्या ताटात पडायच्या वेळी विषारी कशी होते? आणि ही माती माती करता ती सगळी आमच्याच वाट्याला का?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा दहावीत सुटली. पुढचं शिक्षण मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांवर, म्हणजे तिसऱ्या पाळीहून घरी आल्यावर डोळे उघडे राहतील तेवढं. कविता करतो, त्यातल्या काही तुम्ही वाचल्या असतील. इंग्रजीचा पंडित म्हणून हे लिहीत नाही. गेलं वर्षभर दर रविवारी आम्ही चार-पाच जण समाजमंदिरात बसून इंग्रजी वाचायचा, लिहायचा आणि बोलायचा सराव करतोय, त्यातून जे दिसलं ते लिहितोय.

सुरुवात झाली ती वस्तीतल्या एका मुलीमुळं. विलायतेतल्या एका विद्यापीठानं तिला एम.ए.ला प्रवेश देऊ केलाय, पण अट घालून. अट म्हणजे आयईएलटीएस नावाची परीक्षा. क्लासवाले तिला आयेल्ट्स म्हणतात. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. ऐकायला अर्धा तास, वाचायला एक तास, लिहायला एक तास, आणि समोर परीक्षक बसवून ११ ते १४ मिनिटं बोलायचं. गुण नवापर्यंत. तिला एकूण साडेसहा पाहिजेत आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली गेलेलं चालणार नाही. फी १६ हजारांच्या वर, माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. फॉर्म भरायच्या आधी पासपोर्ट काढा. निकाल दोन वर्षं चालतो, मग शिळा. दोन वर्षांत भाषा नासते की काय कोण जाणे. शिष्यवृत्त्या आहेत, केंद्राची आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, पण त्या मिळतात प्रवेश हातात आल्यावर. हे पैसे त्याच्या आधी, स्वतःच्या खिशातून.

हा धंदा आहे, मान्य. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज मिळून तो चालवतात आणि जगभरातून पैसा गोळा करतात. धंदा आहे म्हणून आम्ही दाराबाहेर उभं राहायचं का? दाराबाहेर उभं राहायची आम्हाला हजार वर्षांची प्रॅक्टिस आहे, तिचा सराव वेगळा करायची गरज नाही.

मेकॉले १८३५ साली काय म्हणाला ते मला कोणी ऐकवू नये. १८३५ साली आम्ही कुठल्या पाठशाळेत मांडी घालून बसलो होतो, ते आधी सांगा. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त आपल्या लोकांना इंग्रजी शिका म्हणून सांगितलं. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. देवभाषेचं दार बंद होतं. इंग्रजीचा सराव मात्र रामजी सुभेदारांनी मुलाकडून घरी करून घेतला, आणि हे कुटुंब मुंबईत राहिलं ते परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात. १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेब इंग्रजीत साक्ष देतात आणि १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढतात. एकच माणूस, साधारण एका वर्षाच्या अंतरानं. त्यांना मातीची भाषा कळत नव्हती का? साहेबाला कुठल्या भाषेत गाठायचं आणि माणगावच्या माणसाला कुठल्या, हे त्यांना कळत होतं.

आता सरावाचं सांगतो.

वाचण्यात तीन उतारे, चाळीस प्रश्न. त्यात एक प्रकार असा : विधान दिलंय, ते बरोबर, चूक की 'दिलेलं नाही' ते लिहा. आमचा एक कार्यकर्ता इथं सारखा मार खातो. उताऱ्यात एखादं धरण बांधल्याचं कौतुक असलं की हा उताऱ्याशीच भांडायला लागतो, विस्थापितांचं काय म्हणून, आणि 'चूक' लिहून मोकळा होतो. उत्तर असतं 'दिलेलं नाही'. त्याला म्हटलं, बाबा, भांडण खरं आहे तुझं, पण आधी त्यांनी काय लिहिलंय ते वाच, काय लिहिलेलं नाही ते वेगळं काढ, मग मोर्चा काढ. आणि खरं सांगू का, हा तिसरा पर्याय मला आवडला. इतिहासाच्या पुस्तकात आम्हाला शोधायला गेलं की पानोपानी हेच उत्तर सापडतं.

लिहिण्यात दोन तुकडे. पहिल्यात कधी आलेख, कधी नकाशा, कधी एखादी वस्तू कशी तयार होते त्याचं चित्र, वीस मिनिटांत दीडशे शब्द. आम्ही सरावाला कापसापासून सूत घेतलं. गाठ फोडायची, ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉ फ्रेम, सिम्प्लेक्स, रिंग फ्रेम, मग कोन. तेव्हा कळलं की आम्हा कामगारांच्या तोंडात इंग्रजी आधीपासूनच आहे : शिफ्ट, डॉफिंग, बॉबिन, स्पिंडल, काउंट. नामं ढीगभर आहेत, फक्त क्रियापदं साहेबांनी आपल्याकडं ठेवून घेतलीत. ती आणायची. हे चित्र कर्मणी प्रयोगात लिहायचं असतं : कापूस पिंजला जातो, पेळू ओढला जातो, सूत कातलं जातं. कोणी पिंजला, कोणी कातलं, कोणाच्या छातीत रुई गेली, ते दीडशे शब्दांत येत नाही. हे लिहिताना माझं डोकं तापलं. पण मराठी वर्तमानपत्रं वेगळं काय करतात? 'वस्ती जाळली गेली.' जाळणाऱ्याचं नाव तिथं तरी कुठं येतं? तेव्हा हा दोष एकट्या इंग्रजीच्या माथ्यावर मारू नका. वाक्यातून माणूस कसा गायब करतात ते दोन्ही भाषांत शिकून घ्या, मग त्याला दोन्ही भाषांत हुडकून बाहेर काढता येईल.

दुसरा तुकडा अडीचशे शब्दांचा निबंध, चाळीस मिनिटं. त्याला पहिल्यापेक्षा दुप्पट वजन असतं, म्हणून वेळ त्याला राखून ठेवा.

वाचणं आणि लिहिणं माणूस एकटा करू शकतो. मी स्वतः साच्यापाशी उभं राहून खिशातल्या चिठ्ठीवरचे शब्द पाठ केलेत. ऐकायला मोबाईल आहे, जरी परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते आणि रिंग खात्यात कान घालवलेल्या माणसाला एकदा पुरत नाही. पण बोलणं एकट्याला होत नाही. त्याला समोर दुसरं माणूस लागतं, जे हसणार नाही आणि जे ऐकून घेईल. वरच्या जातींच्या पोरांना हे माणूस घरातच मिळतं. काका अमेरिकेत, मावशी कॉन्व्हेंटात शिकवते, जेवताना दोन वाक्यं इंग्रजीत होतात. ह्याला ते बुद्धी म्हणतात, गुणवत्ता म्हणतात. च्यायला, जेवणाच्या टेबलाला गुणवत्ता म्हणतात!

आमच्या मुलीनं उधार-उसनवार करून शहरात एक क्लास लावला होता. तिथं सरांनी बोलण्याच्या परीक्षेसाठी तयार उत्तरं वाटली. विषय : तुमच्या गावाबद्दल सांगा. उत्तर : माझं गाव निसर्गरम्य आहे, तिथलं देऊळ प्रसिद्ध आहे, लोक प्रेमळ आहेत, सगळे मिळून सण साजरे करतात. ती म्हणाली, सर, आम्हाला त्या देवळात घेत नव्हते. सर म्हणाले, निगेटिव्ह बोलायचं नाही, बँड कमी होतो.

साफ खोटं. या परीक्षेत मताला गुण नसतात. बोलण्याचे गुण चार गोष्टींवर ठरतात : न अडखळता सुसंगत बोलता येतं का, शब्द किती आणि कसे वापरता, व्याकरण, आणि उच्चार. उच्चार म्हणजे गोऱ्यासारखा नव्हे, ऐकणाराला समजला पाहिजे. पाठ केलेलं उत्तर उलट परीक्षकाच्या लगेच ध्यानात येतं आणि ते अंगाशी येतं. म्हणजे हा क्लासवाला पैसे घेऊन आमच्या पोरीला खोटं बोलायला शिकवत होता आणि वर तिचे गुणही घालवत होता.

रविवारी आम्ही तिला तोच विषय दिला. परीक्षेसारखाच : तयारीला एक मिनिट, हातात कागद-पेन्सिल, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. आधी तिनं क्लासचं गाव सांगितलं. चाळीस सेकंदांत गाव संपलं, पोरगी गप्प. मग म्हटलं, आता तुझं गाव सांग. तिनं सांगितलं की वस्ती गावाच्या पूर्वेला आहे, पाण्याची टाकी गावात आहे, नळाची लाईन आमच्यापाशी येऊन संपते, म्हणून पाणी शेवटी येतं आणि आधी जातं, आणि तिची आई पहाटे चारला उठून नळापाशी बसते. काळ चुकले. 'ए' आणि 'द' गळाले, मराठीत ते नाहीतच, त्यांच्यासाठी आमचे किती रविवार गेले आणि अजून जातायत. पण घड्याळात पाहिलं तर एक मिनिट पन्नास सेकंद. पुढं परीक्षक होऊन मी विचारलं, खेडी आणि शहरं यांत मोठा फरक कोणता? तर ती थांबेचना. बोलायला खरं काहीतरी असलं की व्याकरण मागून धावत येतं, हे मी तिथं डोळ्यांनी पाहिलं.

आणि हे 'निगेटिव्ह बोलू नका' एकट्या क्लासवाल्याचं नाही. २०२२ साली केंद्र सरकारनं अनुसूचित जातींसाठीच्या परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत घातलं की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरचे विषय या शिष्यवृत्तीवर घेता येणार नाहीत. म्हणजे तुम्ही परदेशी जा, इंजिनियर व्हा, पण जातीवर तिथं बसून संशोधन करू नका. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचला होता, तो आज या नियमात बसला नसता. त्यांना नेमकी कशाची भीती वाटते ते बघा. आमच्या इंग्रजीची नाही वाटत. आमचं गाव आमच्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडेल याची वाटते.

परदेशी जाणारे थोडेच, मग बाकीच्यांनी हे का करायचं, असं एकानं विचारलं. हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचं कामकाज घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणं इंग्रजीत चालतं. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालची केस अपिलात तिथं गेली की फिर्यादी मागच्या बाकावर बसतो आणि आपल्याच पाठीवरच्या वळांची चर्चा त्याला कळत नाही. वकील बाहेर येऊन सांगेल तेवढंच त्याचं. एवढं उत्तर पुरे.

आता आपल्याच पोरांबद्दल, आणि हे कडू आहे. कॉलेजात जाणारी आपली पोरं 'इस्कूल' म्हणणाऱ्याला हसतात. गेल्या पावसाळ्यात एक हमाल दोन रविवार आला. तिसऱ्यांदा आला नाही. का, ते हसणाऱ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून नियम केलाय : एक जण प्रश्न विचारणार, एक बोलणार, एक घड्याळ धरणार, एक चुका कागदावर लिहिणार, आणि बोलणं संपेपर्यंत कोणी मधे तोंड घालणार नाही. हसेल त्यानं पुढचा विषय घ्यायचा. मोबाईलवर आवाज टिपून ठेवतो, महिन्यानं पुन्हा ऐकतो.

वाचायला आम्ही बाबासाहेबांचंच इंग्रजी घेतलं. महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढलेले खंड आपल्या बहुतेक वाचनालयांत आहेत. कुठं? काचेच्या कपाटात, कुलपात, वर हार. आमच्याकडं किल्ली कोणाकडं आहे हे शोधण्यात तीन आठवडे गेले. पहिल्या खंडात १९३६ चं जातिनिर्मूलनावरचं न झालेलं भाषण आहे. दर रविवारी त्यातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचतो, प्रत्येकानं एकदा. कठीण जातं. पण ज्या वाक्यासाठी लाहोरच्या मंडळानं सभाच रद्द केली असेल ते आपल्या जिभेवर आल्यावर कसं लागतं ते एकदा करून बघा.

परीक्षा आता सहा आठवड्यांवर आली. ऐकणं आणि वाचणं ती काढेल. लिहिण्याची धास्ती आहे. बोलण्यात तिला अनोळखी माणसासमोर बसायची सवय पाहिजे, आणि आमचे सगळे चेहरे तिच्या ओळखीचे झालेत. म्हणून गुलामीच्या भाषेवर भाषण देणाऱ्या आमच्या थोर वक्त्यांना या पानावरून जाहीर निमंत्रण देतो. तुम्हाला इंग्रजी येतं. रविवारी सकाळी नऊला समाजमंदिरात या. हार, स्टेज, माईक काही नाही, सतरंजी आहे. तिच्यासमोर बसा, चौदा मिनिटं प्रश्न विचारा, मग बाकीच्या चौघांना विचारा. दोन तासांचं काम आहे. चहा आम्ही पाजू.