रेफरच्या चिठ्ठीचा हिशेब द्या

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

पत्र दोघांना मिळून लिहिते आहे, कारण धाराशिवचा रुग्ण तुम्हा दोघांच्या मधोमध अडकला आहे. जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं, ते एका खात्याचं झालं. तालुक्यांतली ग्रामीण रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे राहिली. स्ट्रेचरवरच्या माणसाला खातं कळत नाही. त्याला एकच शब्द ऐकू येतो : रेफर.

कोरोनात या जिल्ह्यात सुमारे 75 हजार रुग्ण नोंदले गेले आणि दोन हजारांहून अधिक माणसं गेली. म्हणजे शंभर रुग्णांमागे जवळजवळ तीन. राज्यात 80 लाखांवर रुग्ण आणि सुमारे 1 लाख 48 हजार मृत्यू, म्हणजे शंभरामागे दोनसुद्धा नाहीत. आमच्याकडे चाचण्या कमी झाल्या म्हणून टक्का फुगला, असं कुणी म्हणेल. मग चाचण्या कमी का झाल्या, याचंही उत्तर त्यानेच द्यावं. सुरुवातीला इथल्या माणसाच्या घशातला स्राव तपासायलाही जिल्ह्याबाहेर पाठवावा लागत होता. रेफर तिथूनच सुरू झालं होतं.

एप्रिल 2020 च्या अखेरीस केंद्राच्या यादीत राज्यातले सहा जिल्हे हिरवे होते, त्यात आमचा होता. त्या हिरव्या रंगाला तयारी समजलं गेलं, ही पहिली चूक. पुण्या-मुंबईहून आमची माणसं अजून परतायची होती, एवढाच त्याचा अर्थ होता. ती परतली आणि दुसऱ्या लाटेने तर गावंच्या गावं गाठली.

एप्रिल 2021 मध्ये माझ्या चुलत्यांचा ऑक्सिजन 84 वर आला. एका रुग्णालयाने दारातूनच सांगितलं, बेड नाही, सोलापूरला हलवा. धाराशिव ते सोलापूर सत्तरेक किलोमीटर. तुळजापूर मागे पडलं आणि तामलवाडीच्या अलीकडे काकांचा हात माझ्या हातात सैल पडला. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. त्या डॉक्टरवर माझा राग नाही. त्याच्याकडे खरोखरच बेड नव्हता.

जिल्हा तरला तो कुणामुळे? विद्यापीठाच्या इथल्या उपकेंद्रात विषाणू तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली. तुळजापुरात देवस्थानचं भक्तनिवास कोविड सेंटर झालं. चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने मे 2021 मध्ये इथेनॉलच्या प्रकल्पातून ऑक्सिजन काढून दाखवला, देशातल्या साखर कारखान्यांत पहिल्यांदा. 15 सप्टेंबर 2020 पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची नोंद घेत आशाताई उंबरे झिजवत फिरल्या. या सगळ्यांपुढे मी हात जोडते. पण देवीच्या भक्तांच्या खोल्या, उसाच्या मळीचा कारखाना, विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा, ही सगळी उसनवारी होती. उसनं घेतलेलं परत गेलं. आमच्याकडे काय उरलं?

1993 च्या भूकंपात सास्तूर जमीनदोस्त झालं, पण त्या आपत्तीने सास्तूरला एक रुग्णालय दिलं, ते आजही लोहारा तालुक्याला आधार आहे. महामारीने आम्हाला काय दिलं, हे मी त्याच मापाने मोजते आहे. जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळाने 100 जागांचं वैद्यकीय महाविद्यालय आणि 430 खाटांचं रुग्णालय मंजूर केलं. 2022 मध्ये पहिली तुकडी आली. आनंद झाला, खोटं का बोलू. पण 2011 च्या जनगणनेत आमची लोकसंख्या 16 लाख 57 हजार होती. या 430 खाटा तिच्यावर वाटल्या तर 3,800 हून अधिक माणसांच्या वाट्याला एक येते. आणि खाट म्हणजे पलंग नव्हे. तिच्यामागे भूलतज्ज्ञ लागतो, रात्रपाळीची परिचारिका लागते, व्हेंटिलेटर चालवता येणारा माणूस लागतो.

2018 मध्ये नीती आयोगाने आम्हाला आकांक्षित जिल्ह्यांत घेतलं. 2022 ते 2024 राज्याचं आरोग्य खातं याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या आमदारांकडे होतं. तरी भूम-परंड्याचा अत्यवस्थ रुग्ण बार्शीची वाट धरतो, उमरग्याचा सोलापूरची, कळंबचा लातूर नाहीतर अंबाजोगाईची. आठ तालुक्यांचा जिल्हा आहे आमचा, आणि आठही तालुक्यांना बाहेरचे रस्ते पाठ आहेत.

माझी मागणी इमारतीच्या भूमिपूजनाची नाही. बाहेर पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाची कारणासह नोंद ठेवा. कोणता तज्ज्ञ नव्हता, कोणतं यंत्र बंद होतं, अँब्युलन्स किती वेळाने मिळाली, रुग्ण पोहोचला की नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला हा आकडा जिल्हा रुग्णालयाच्या आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर मराठीत लावा. महामारीत बसवलेले ऑक्सिजनचे प्रकल्प आणि व्हेंटिलेटर यांतले किती चालू आहेत, तेही त्याच फलकावर लिहा. खाली दोन्ही खात्यांच्या जबाबदार अधिकाऱ्यांची सही हवी, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको.

पहिला फलक लागेल त्या दिवशी मी तो वाचायला येईन. सोबत काकू असतील. त्या महिन्यात किती माणसं तामलवाडीपर्यंतच पोहोचली, ते त्यांना स्वतः वाचायचं आहे.

धाराशिव जिल्ह्यातील एक शिक्षिका