व्हायब्रेटोचं बटण आणि आमचे बहात्तर मार्क

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, आधीच सांगून ठेवतो.

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो. साहेबांनी नुकताच गिटारचा अँप्लिफायर घेतलाय. फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब. मूळ मॉडेल १९६३ चं, हा त्याचा नवा अवतार. काळं तोंड, चंदेरी जाळी, मागून व्हॉल्व्हचा पिवळट उजेड.. दिसायला एकदम झकास. पुढच्या पट्टीवर 'व्हायब्रेटो' असं लिहिलेलं आणि तिथे दोन बटणं, स्पीड आणि इंटेन्सिटी. मित्राने तार छेडली, इंटेन्सिटी वाढवली, आवाज थरथरायला लागला. मी गंमत म्हणून मोबाइलवर ट्यूनर लावला. आवाज लाटांसारखा वर-खाली होतोय आणि ट्यूनरचा काटा? ढिम्म. जागचा हलेना.

आता व्हायब्रेटो म्हणजे काय? तर सूर हलणं. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार आठवा, तिथे सूर स्वतः झुलतो. आणि सूर जागेवर ठेवून नुसता आवाज लहान-मोठा केला तर त्याला म्हणतात ट्रेमोलो. लहानपणी टेबल फॅनसमोर तोंड नेऊन 'आऽऽऽ' केलं असेल ना? साधारण तसं. म्हणजे या अँप्लिफायरवरचं 'व्हायब्रेटो' हे चक्क खोटं आहे. तो ट्रेमोलो आहे.

गंमत अशी की हे खोटं सत्तर वर्षं जुनं आहे. फेंडरने १९५५ साली 'ट्रेमोलक्स' काढला आणि १९५६ साली 'व्हायब्रोलक्स'. नावं दोन, पण आत दोन्हीकडे ट्रेमोलोच. त्याआधी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला एक दांडा दिला होता, तो दाबला की तारा सैल होऊन सूर खरोखर हलतो. त्याचं नाव काय ठेवलं? ट्रेमोलो! म्हणजे जे व्हायब्रेटो ते ट्रेमोलो आणि जे ट्रेमोलो ते व्हायब्रेटो. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन व्हेरिएबलची नावं अदलाबदल झाली, तसंच रिलीज झालं आणि आता बदलायची कोणाची छाती नाही. फरक कोणाला माहीत नव्हता असंही नाही. कॅलिफोर्नियातल्याच मॅग्नाटोनने पन्नासच्या दशकाच्या शेवटी सूर खरोखर हलवणारे अँप्लिफायर विकले, आणि इंग्लंडच्या व्हॉक्स एसी-३० वर तर व्हायब्रेटो आणि ट्रेमोलो अशी दोन्हींची वेगवेगळी सोय होती.

पण मी फेंडरवर चिडलेलो नाही. मी चिडलोय माझ्यावर, आणि ज्या पद्धतीने मी शिकलो तिच्यावर.

माझे मामा लातूरला. ऐंशीच्या दशकात एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. फेंडर कुठला परवडायला! गंजगोलाईजवळच्या एका रेडिओवाल्याने त्यांना अँप्लिफायर बनवून दिला होता. लाकडी खोकं, आत भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह, आणि पत्र्याच्या पट्टीवर रंगाने लिहिलेलं.. 'व्हायब्रेटो'. परदेशी डायग्राम पाहून बनवलेला, त्यामुळे खोटंसुद्धा जसंच्या तसं उतरलेलं :)

मी नांदेडला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम. कम्युनिकेशनच्या पेपरात बहात्तर मार्क पडलेले, त्यामुळे डोकं आभाळात. दिवाळीत मामांकडे गेलो. ते बटण दाखवून मी म्हणालो, "मामा, व्हायब्रेटो म्हणजे फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन. आम्हाला आहे हे." आणि पेपराच्या कोऱ्या कडेवर फॉर्म्युला लिहून दाखवला.

मामा हसले. "आरं, सूर कुठं हाललाय? नुसता आवाज कमी-जास्त व्हलालाय. हे बघ." असं म्हणून त्यांनी बटण बंद केलं, तारेवरची लोखंडी कांडी हलकेच पुढे-मागे हलवली. सूर झुलला. "हे खरं. बटनाचं येगळं."

मामांनी एका मिनिटात एएम आणि एफएममधला फरक कानाने दाखवला होता. आणि मी? मी वाद घातला. पट्टीवर लिहिलंय ना व्हायब्रेटो, मग झालं! वर शहाणपणा शिकवला, "मामा, व्हॉल्व्हचा जमाना गेला, हे धूड भंगारात देऊन टाका." पुढच्या वर्षी मामींनी ते वजनावर देऊन टाकलं. इंजिनियर भाच्याने सांगितलं होतं ना.

आता त्या धुडात काय होतं ते सांगतो. ट्रेमोलोसाठी लागतो एक संथ ऑसिलेटर, सेकंदाला साधारण तीन ते दहा झोके देणारा. त्या काळच्या सर्किटांत तो बहुतेक आरसी फेज शिफ्ट ऑसिलेटर असायचा. एक ट्रायोड, तीन कपॅसिटर-रेझिस्टरच्या जोड्या, तिघांनी मिळून १८० अंश फिरवायचं आणि उरलेले १८० व्हॉल्व्ह स्वतः फिरवतो. होय, तोच! ज्याच्या छेदात वर्गमूळ सहा येतं आणि गेन किमान २९ लागतो, तोच आपण घोकलेला. पुढे काही अँप्लिफायरांत हा झोका आउटपुट व्हॉल्व्हचं बायस हलवतो. डिलक्स रिव्हर्बसारख्यांत तो एक छोटा निऑन दिवा लुकलुकवतो, समोरच्या प्रकाशसंवेदी रेझिस्टरची किंमत बदलते आणि सिग्नल त्या तालावर जमिनीत सांडतो. स्पीड म्हणजे मॉड्युलेटिंग फ्रिक्वेन्सी. इंटेन्सिटी म्हणजे मॉड्युलेशन इंडेक्स. ४४० हर्ट्झचा सूर, ५ हर्ट्झचा झोका, म्हणजे ४३५ आणि ४४५ ला साइडबँड. अख्खा धडा एका लाकडी खोक्यात, आणि तोसुद्धा कानाला ऐकू येणारा!

आमच्या लॅबमध्ये काय होतं? एक बंद डब्बा, चार सॉकेट, चार वायरी. वायरी लावायच्या, स्क्रीनवर फुगीर आकृती दिसली की वहीत छापायची, सही घ्यायची, बाहेर. आवाज कसला तो नाहीच. एएम 'ऐकायचं' असतं हे कोणी बोललंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

इथे लोक म्हणतील, लातूर पॅटर्नला शिव्या घालायची फॅशनच आहे. थांबा. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकायला लागली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी भुवया उंचावल्या होत्या, त्यांची बाजू मी घेत नाहीये. त्या पद्धतीने कोरडवाहू गावांतली पोरं डॉक्टर-इंजिनियर झाली. सराव, पुन्हा सराव, पेपर, पुन्हा पेपर. मीही त्याच गिरणीतून निघालोय आणि त्याच पिठाची भाकरी खातोय. माझं भांडण सरावाशी नाही. माझं भांडण याच्याशी आहे की पट्टीवर लिहिलेलं आणि कानाला ऐकू येणारं यांत फरक पडला, तर आपण पट्टीवर विश्वास ठेवायला शिकलो. कारण पेपरात पट्टीचेच मार्क असतात. आणि ज्यांचे कान तयार होते, त्या मामांसारख्या आणि रेडिओवाल्यांसारख्या लोकांना आपण अडाणी समजलो.

जाता जाता सांगतो, खुद्द लिओ फेंडर शिकला होता अकाउंटिंग. गिटार वाजवता येत नव्हती. फुलर्टन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गंजगोलाईजवळच्या आमच्या रेडिओवाल्यासारखंच! फरक इतकाच की त्याच्या दुकानातलं कौशल्य कारखान्यापर्यंत गेलं, आणि आपल्याकडचं वजनाच्या काट्यावर.

दुसरा आक्षेप: व्हॉल्व्हच्या डब्यात तीनशे-चारशे व्होल्ट असतात, पोरांच्या हातात कसा द्यायचा? बरोबर आहे. बंद केल्यावरही कपॅसिटर झटका देतात, थट्टा नाही. नका देऊ. एक एलईडी आणि एक एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या टेपमध्ये गुंडाळा, लुकलुकवणारं साधं सर्किट जोडा, मोबाइलमधलं गाणं त्यातून पाठवा. ट्रेमोलो तयार. शे-दोनशे रुपयांचे पार्ट, नऊ व्होल्टची बॅटरी. मग शेजारी गिटारची एक तार बोटाने दाबून हलवा आणि विचारा, सूर कुठे हलला आणि आवाज कुठे? ज्याला कानाने सांगता येईल त्यालाच सही.

मागणी एवढीच आहे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये एक प्रयोग असा असू द्या, ज्याचं उत्तर डब्यावर छापलेलं नाही. किंवा छापलेलं आहे, पण चुकीचं. ते तर आणखी बरं.

परवा मामांना फोन करून सांगितलं, तुमचं बरोबर होतं. म्हणाले, "आता सांगलालास व्हय?" आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

असो. उद्या सोमवार. एका फंक्शनचं नाव 'व्हॅलिडेट' आहे आणि ते काहीही व्हॅलिडेट करत नाही, हे मला तीन महिने माहीत आहे. उद्या पहिल्यांदा ते बदलणार.