ट्रंका उघडा

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर माणसे जमतात. १९४३ साली याच दिवशी पहाटे आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारी गटाचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांनी साथीदारांसह मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. ही गोष्ट टिकली, कारण तिला दिवस आहे आणि जागा आहे.

शहापूर-मुरबाडचे जे जवान वर्दीत लढले आणि जिवंत परत आले, त्यांना असा दिवसही नाही अन् जागाही नाही. ते आले, पेन्शन लागली, भातलावणीला जुंपले. घरच्यांनीही पुढे विचारले नाही. १९७१ साली विशीत असलेला फौजी आज पंचाहत्तरीला टेकलाय, १९६५ चा ऐंशीच्या घरात आहे. विचारायचे तर आत्ताच.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या: इथून इतके लढाईवर गेले, त्यांपैकी इतके मेले. फक्त आकडे. सरकारचे तेवढ्यावर भागले. आपले भागू नये. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभे राहिले. परक्या गावाने नाव जपले. आमच्या किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई या गावांनी आपल्या फौजींचे का जपू नये?

त्यासाठी पुतळा नको. पुतळ्याला वर्गणी निघते, भांडणे होतात आणि कागद ट्रंकेतच कुजतात. आधी पत्र्याची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, आंतर्देशीय पत्रे, पलटणीचे ग्रुप फोटो, मनीऑर्डरच्या पावत्या, सगळ्याचे मोबाइलवर फोटो घ्या. कागद लॅमिनेट करू नका, आमच्याकडच्या पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी ठेवा. पदके ब्रासोने घासू नका: गोल पदकाच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, ते झिजते. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर आजोबा १९७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेच्या. विचारायला एवढा धागा पुरे.

विचारताना शत्रू किती मारले असले काही काढू नका, म्हातारा गप्प होईल. बंकरमध्ये शेजारी कोण झोपायचा, खायला काय मिळायचे, घरचे पत्र किती दिवसांनी यायचे, ते विचारा. आजीलाही बसवा. तो सीमेवर असताना शेत तिनेच कसले होते, आणि तारवाला दिसला की काय व्हायचे हे तिलाच माहीत.

मग २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या: गावच्या फौजींची नोंदवही, नाव, पलटण, सालांसह. एक प्रत शाळेत, एक ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. सरपंचांना वेळ नसेल तर बारावीच्या दोन पोरांवर काम सोपवा, ती महिनाभरात वही भरतील.